वळणाच्या आतलं गाव

१

सारिका हिवाळेची ड्यूटी सकाळी सहा ते दुपारी दोन. बोरसावळीच्या टोलनाक्यावरची दुसरी खिडकी तिची. गाडी महामार्गावरून डावीकडे सुटायची, एका मोठ्या गोल वळणावरून उतरत यायची आणि तिच्या खिडकीसमोर थांबायची. मशीन टॅग वाचायचं, आडवा दांडा वर जायचा, आणि जाता जाता माणसं हटकून विचारायची, "शेगावला इकडूनच ना?"

"सरळ. मेहकरवरून खामगाव, तिथून शेगाव."

दिवसातून सत्तर वेळा हेच. लोणारचं सरोवर बघायला येणारे असले तर उलट दिशा. वर महामार्गावरच्या पाटीवर तीन नावं होती: बोरसावळी, लोणार, शेगाव. पहिल्या नावाचा रस्ता मात्र कधी कोणी विचारत नसे. विचारणार कोण? बोरसावळीच्या लोकांकडे फटफट्या, आणि महामार्गावर फटफटीला बंदी. ज्या गावाच्या नावाचा फाटा, त्या गावातला एकही माणूस त्या वळणावरून कधी उतरला नव्हता.

आणि ते वळण होतं तरी कुठे? जुन्या बोरसावळीभोवती. मोजणीवाल्यांनी नकाशावर बांगडी ठेवावी तसा गोल काढला आणि एकशे बारा घरं त्या गोलात गेली. गाव तीन किलोमीटरवर प्लॉट पाडून बसवलं. बांगडीच्या आत आता गवत आणि कण्हेरीची रांग. सारिकाला त्याचं वाईट वाटत नसे. पाण्यासाठी दोन-दोन तास रांग लावणारं गाव गेलं, नळ आला, यात रडायचं काय हे तिला कधी कळलंच नाही.

सप्टेंबरातल्या एका सकाळी पांढरी गाडी खिडकीशी थांबली. मागच्या सीटवरच्या बाईंनी काच खाली केली, सारिकाकडे पाहिलं आणि हसत म्हणाल्या, "अगं, तू आमच्या आधी इथे कशी पोचलीस?"

"मी? मी सहापासून इथेच आहे, काकू."

"चेष्टा करतेस होय? आत्ताच तर चहा दिलास आम्हाला. हातावर हाच चट्टा होता की." त्यांनी सारिकाच्या मनगटाकडे बोट दाखवलं. लहानपणी तव्याला लागून उठलेला, चिंचोक्याएवढा चट्टा. "छान गाव आहे तुमचं. आणि तुझे बाबा काय हसतात गं! असं मोकळं हसणारा माणूस बघून किती वर्षं झाली."

दांडा वर गेला. गाडी निघून गेली. मागच्या गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा सारिका भानावर आली.

तिचे बाबा हसत नव्हते. सात वर्षांत एकदाही हसले नव्हते.

२

प्रेमानंद हिवाळे हसले की विहारात बसलेल्या माणसाला ऐकू जायचं, असं एके काळी गाव म्हणायचं. आता ते नव्या घराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. समोर सिमेंटचा रस्ता, पलीकडे तसंच घर, त्यावर तसाच नंबर. विचारलं तर बोलत, वाढलं तर जेवत. बस.

सारिकाला याचा राग यायचा. गावच्या सभेत म्हाताऱ्यांनी "आमाले नाई जायचं" म्हणून हटून बसायचं ठरवलं होतं. तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली सारिकाच उठून बोलली होती. "तुमचं झालं जगून. आमचं काय?" सगळ्यात शेवटची सही तिच्या बाबांची राहिली होती, आणि पेन त्यांच्या हातात तिनेच ठेवला होता. एवढं करून ते असे खुर्चीत बसून राहिले, की जणू तिने त्यांच्याकडून काही हिसकावून घेतलं होतं. त्यापेक्षा भांडले असते तर बरं. तिला भांडता येत होतं. गप्प बसलेल्या माणसाशी काय करायचं ते येत नव्हतं. त्यांचं हसणं परत यावं एवढं एकच तिला हवं होतं, आणि ते कोणाकडे मागायचं हे तिला माहीत नव्हतं.

त्या बाई चुकल्या असतील. पोरी सारख्या दिसतात, चट्टे कोणाला नसतात. तिने स्वतःला असं बजावलं आणि तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कॅमेऱ्यात मागचं काढून पाहिलं. पांढरी गाडी महामार्ग सोडून वळणाला लागली तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. तिच्या खिडकीत पोचली तेव्हा दहा एक्कावन्न. मधलं अंतर सहाशे मीटर.

"गाडी गरम झाली असन कोनाची. उभे राह्यले असतीन," शेजारच्या खिडकीतली समीक्षा म्हणाली.

"एकोणचाळीस मिनिटं?"

"तुले काऊन एवढं पडलं व? आले ना बाहेर?"

आले होते, हे खरंच. आठवड्याभरात अशा पाच गाड्या निघाल्या. कोणाची पस्तीस मिनिटं, कोणाची पन्नास. आणि त्या सगळ्या गाड्यांतली माणसं एकसारखी दिसायची: पोटभर जेवून ओसरीवर टेकल्यासारखी. नागपूरकडच्या एका ट्रकवाल्याने तर खिडकीतून हात जोडले. "चाचा को बोलना, सारू बेटी, चाय बढ़िया थी. बहुत हँसाया उन्होंने."

तिचं घरातलं नाव त्याला कोणी सांगितलं?

जेवणाच्या सुट्टीत ती कठडा ओलांडून आत गेली. भर दुपारचं ऊन. गुडघ्याएवढं गवत, कण्हेर, झाडांना पाणी सोडायचा काळा पाइप. घरं नाहीत, पाया नाही, विटेचा तुकडासुद्धा नाही. सगळं रोलरखाली गेलेलं तिने स्वतः पाहिलं होतं. ती मधोमध उभी राहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की गाड्यांचा आवाज येत नाहीये. चारी बाजूंनी रस्ता, वरून ट्रक जाताना दिसतोय, आणि आवाज नाही. त्याऐवजी कुठूनतरी हापशी चालल्याचा आवाज येत होता. कर्र-धप्प. कर्र-धप्प. कोणीतरी घाई नसल्यासारखं पाणी भरत होतं.

पाइपात हवा धरली असेल, ती मनाशी म्हणाली. पाइपात हवा धरली की आवाज होतो.

परत निघाली तेव्हा घड्याळात पाऊण तास गेला होता. तिला वाटलं होतं दहा मिनिटं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला बरं वाटत होतं. सकाळपासून दुखणारी मान दुखायची थांबली होती, आणि कोणावरही राग नव्हता. अशी बिनरागाची ती तिला स्वतःलाच ओळखू येईना.

३

त्यानंतर चार दिवसांनी वाटी आली.

पुण्याकडचं एक म्हातारं जोडपं शेगावच्या दर्शनाला निघालेलं. आजोबांनी खिडकीतून ताटलीने झाकलेली स्टीलची वाटी पुढे केली. "घ्या, तुमच्या बहिणीनं दिलीय. म्हणाली, टोलवर दुसऱ्या खिडकीत असते, तिला द्या. जुळ्या आहात का?"

सारिकाला बहीण नव्हती. तिने वाटी घेतली. गरम होती. आत वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा आणि तेलाची धार. घरोघरी भांड्यांवर नाव कोरून घेतात तसं काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: प्रेमानंद हिवाळे, बोरसावळी, १४-४-२४.

तिने तारीख तीनदा वाचली. चौदा एप्रिलला दरवर्षी बाबा एक भांडं घ्यायचे आणि नाव घालून आणायचे, हे खरं. पण गाव सोडल्यापासून त्यांनी चमचाही घेतला नव्हता. चोवीस साली बोरसावळीच्या जागेवर कण्हेर होती.

तिने वाटी फेकून द्यायला हवी होती. पण अन्न होतं, आणि गरम होतं. ती घरी घेऊन आली.

बाबांनी खुर्चीतूनच हात पुढे केला. अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. सारिका सांगत होती ते त्यांनी सगळं ऐकलं: चहा, वेळ, हापशी. मधे एकदाही "काय बोलून राह्यली" म्हणाले नाहीत. भरीत संपवून त्यांनी वाटी पुसली आणि बायकोला हाक मारली.

"जनका, लाडू कर शेंगदान्याचे. कोनाची वाटी रिकामी नाई धाडत."

जनकाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "कोनाची हाय ते तरी मालूम हाय का?"

"नाव हाय ना त्याच्यावर."

"तुमचं नाव हाय!"

"मंग माहीच असन. तरीबी रिकामी नाई धाडत."

"आई, राहू दे, मी नाक्यावरून कोणाच्या तरी गाडीत..." म्हणता म्हणता सारिका थांबली. वळण एकाच दिशेने चालतं. नाक्यावरून गाड्या बाहेर येतात, आत जात नाहीत. द्यायची तर वरून यावं लागणार.

"गोकुळची गाडी माग," बाबा म्हणाले. "मी येतो."

सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुठेतरी येतो म्हटलं होतं. सारिकाच्या मनात जे जे 'नको' होतं ते त्या दोन शब्दांपुढे टिकलं नाही.

जनकाबाईंनी लाडू वळले. शेवटचा लाडू वाटीत ठेवताना त्या हळूच म्हणाल्या, "सारू, दारातूनच देजो. त्याहीले आत नको जाऊ देऊ. आपल्यात पाहुन्याले लवकर सोडत नाईत."

४

"क्लच हळू सोडजो व ताई. नवा टाकला हाय," गोकुळने किल्ली देताना तीनदा सांगितलं. शेजारच्याच प्लॉटवर राहायचा, ओळखीच्यांना गाडी द्यायचा. "काकाले कुठी नेऊन राह्यली?"

"फिरायले."

"काकाले?" गोकुळने बाबांकडे पाहिलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर फडक्यात बांधलेली वाटी. "चांगलं हाय बा."

आधीच्या प्रवेशापर्यंत खालच्या रस्त्याने चाळीस किलोमीटर, तिथून महामार्गावर चढून तेवढंच परत. सकाळचे साडेदहा. दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. बाबा महामार्गावर पहिल्यांदाच आले होते, आणि लग्नाला निघालेल्या माणसासारखे ताठ बसले होते. मग ती निळी पाटी आली. बोरसावळी, वरच्या ओळीत.

"आपलं नाव पह्यलं टाकलं," ते म्हणाले.

सारिका डावीकडे वळली. वेग तीसची पाटी. रस्ता डाव्या हाताला वाकत गेला, बाबांच्या बाजूला आतला गोल. कठडा, गवत, कण्हेर. सगळं ठीक होतं. वेग तीसची पाटी पुन्हा आली. दोन लावल्या असतील. चाक तसंच डावीकडे धरलेलं, उजव्या बाजूला उतारावर टोलचं छप्पर दिसलं आणि मागे गेलं. वेग तीसची पाटी तिसऱ्यांदा आली, आणि हिच्या खांबाला कोणीतरी शेळी बांधली होती.

"थांबव," बाबा म्हणाले.

"बाबा, इथे थांबता येत नाही."

"सारू. थांबव माय."

तिने गाडी थांबवली. तिथे कठडा नव्हता. मोटार बंद करायची नाही, एवढं तिने ठरवलं. पायवाटेच्या तोंडाशी कडुनिंबाची फांदी खाली आली होती आणि पुढचं सगळं त्या पानांनी झाकलं होतं. पानांच्या खालून जेवढं दिसत होतं तेवढं असं: सारवलेली जमीन, निळ्या भिंतीचा कोपरा, उपडी ठेवलेली कळशी.

बाबांनी दार उघडलं. "दारातूनच द्या," ती म्हणाली. "आईनं सांगितलंय."

"हाव," ते म्हणाले आणि वाकून फांदीखालून गेले.

ती स्टिअरिंगला धरून बसली. आतून येणारा हापशीचा आवाज थांबला. कोणीतरी म्हणालं, "या, या बाबा. पानी घ्या आधी." आवाज तरुण बाईचा. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते माणसाला माहीत नसतं, म्हणून तिला नक्की सांगता येईना. पानांखाली एक हात पुढे आला आणि त्याने फडक्यातली वाटी घेतली. मनगटावर चट्टा होता. हात शांत होता. त्या हाताने कधी कोणाच्या हातात पेन ठेवलाच नसावा, इतका शांत. मागोमाग, अंगणाच्या पलीकडून कुठूनतरी, हसू आलं.

सात वर्षांनी ऐकलं तरी ओळखायला क्षण लागला नाही. पोटातून निघणारं, मधेच खोकल्यात अडकणारं, पुन्हा सुटणारं हसू. तिचे डोळे भरून आले. उतरावं, फांदी बाजूला करावी, एकदा बघावं, असं तिच्या अंगभर वाटलं. पण हसणारा माणूस अंगणाच्या पलीकडे होता आणि बाबा फांदीच्या लगेच पलीकडेच उभे होते, त्यांच्या सदऱ्याची कड तिला पानांखालून दिसत होती. कड हलत नव्हती. तिने डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट केले. मोटार घरघरत होती, तेवढं एकच तिच्या ओळखीचं होतं.

दार लागलं. गाडी एका बाजूला जराशी बसली.

"चल व सारू," बाबा म्हणाले आणि हसले. "काय झोपली का? गाडी चालवनारी माही पोरगी झोपून राह्यली!"

पुढची पाटी टोलची होती. दुसऱ्या खिडकीत आज समीक्षा बसली होती. तिने बाबांना हसताना पाहिलं आणि तीही हसली. "पाह्य, काकाले कसं मोकळं वाटलं. असंच फिरवत जाय त्याहीले."

कॅमेऱ्यात त्यांचीही एकेचाळीस मिनिटं निघाली. सारिकाने ती नंतर पाहिली, आणि कोणाला सांगितली नाहीत.

५

घर आलं तेव्हा बाबा गाडीतून उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"हे कोनाचं घर व?"

"आपलं."

"अस्सं," ते म्हणाले, आणि खूश होऊन भिंतीवरून हात फिरवला. "चांगलं बांधलं."

जनकाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला. न्हाणीघर कुठे ते त्यांना दाखवावं लागलं. दिव्याचं बटण सापडत नव्हतं. पण जेवायला बसले तेव्हा त्यांनी भाकरीची अशी काही तारीफ केली की जनकाबाई पदराआड हसल्या. मग हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. त्या नवऱ्याच्या उजव्या पायाकडे बघत राहिल्या. जुनं घर सोडताना ते चौकट उपटायला गेले तेव्हा त्या पायावर दगड पडला होता, अंगठ्याचं नख कायमचं गेलं होतं. आता नख होतं.

"सारू," त्या म्हणाल्या, "हे..." आणि त्यांनी भाकरीची टोपली पुढे ओढली. मग नवऱ्याला विचारलं, "अजून एक भाकर वाढू का तुमाले?"

"वाढ ना. विचारते काय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारिका खुर्चीशेजारी खाली बसली. खुर्चीचं तोंड आता रस्त्याकडे नव्हतं, घराकडे होतं. जी गोष्ट तिने सात वर्षांत विचारली नव्हती ती तिने विचारली. "बाबा, त्या दिवशी मी तुमच्याकडून सही घेतली. राग आहे का माझ्यावर?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता, जड होता, बापाचा होता.

"कोन्त्या कागदावर व?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कसलाही लपवलेला कोपरा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण लांबच्या गावात आग लागल्याचं ऐकावं तशी. जवळ होतं ते हे: तिच्या डोक्यावरचा हात, आतून फोडणीचा वास, आणि सात वर्षांचं ओझं उतरल्यावर खांद्यांना येतो तो हलकेपणा.

गुरुवारी एक डॉक्टरीण बाई खिडकीशी आल्या. बाकीच्यांसारख्याच निवांत दिसत होत्या, फक्त भुवया थोड्या जवळ आलेल्या.

"तुम्हीच ना दुसऱ्या खिडकीतल्या? मघा आम्ही चहाला थांबलो होतो तिथे एक गृहस्थ होते. पांढरा सदरा, पायाच्या अंगठ्याला नख नाही. सगळे त्यांना आग्रह करत होते, जेवा, बसा, आणि ते नुसते गप्प. आम्ही निघताना म्हणाले, माझ्या मुलीला सांगा, मला घ्यायला ये."

मशीनने टॅग वाचला. दांडा वर गेला.

"सांगते," सारिका म्हणाली. "शेगावला ना? सरळ जा. मेहकरवरून खामगाव."

दोन वाजता ती घरी निघाली. गल्लीच्या तोंडाशीच हसू ऐकू आलं. जुन्या गावातले पंजाबराव आणि आणखी दोन-तीन म्हातारे दारात जमले होते, आणि बाबा त्यांना कसलातरी किस्सा सांगत होते. जनकाबाई चहा घेऊन बाहेर येत होत्या. त्यांनी सारिकाकडे एकदा पाहिलं आणि डोळे कपबश्यांकडे वळवले.

गोकुळ गाडी धूत होता. "ताई, उद्या गाडी मोकळी हाय. कुठी जायचं असन त सांगजो. लागते का?"

सारिका थांबली. दारात बाबांचा आवाज खोकल्यात अडकला आणि पुन्हा सुटला, आणि सगळी ओसरी हसली.

"नाई," ती म्हणाली. "आमचे सगळे घरीच हाईत."